मासे आणि सोयाबीन नव्याने सुरू करताय? नाशिककरांसाठी पायरी-पायरीने

डॉक्टर रिपोर्ट बघतात, "प्रोटीन कमी पडतंय, मासे खात जा, नाहीतर सोयाबीन घ्या" म्हणतात आणि पुढचा पेशंट आत येतो. आपण बाहेर पडतो ते प्रश्न घेऊनच. मासा कुठला? मर्क्युरीचं, म्हणजे पाऱ्याचं काय? सोयाने थायरॉइड बिघडतो म्हणे, पुरुषांनी खाऊ नये म्हणे, आणि मोबाईलवर येणारे मेसेज तर रोज वेगळंच सांगतात. ज्यांच्या घरात या दोन्हीतलं काहीच शिजत नव्हतं आणि आता सुरू करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मासा चांगला की वाईट, सोया चांगला की वाईट, असं विचारून उत्तर मिळत नाही. कोण खातंय, कुठला प्रकार, किती आणि कसा बनवलाय हे बघितलं की उत्तर मिळतं. आणि लोक ज्याला घाबरतात ते धोके बहुतेक घरांत छोटे असतात, आणि ज्याकडे कुणी बघत नाही, म्हणजे शिळा मासा, कढईतलं तेल, खारवलेल्यातलं मीठ, ते मोठे असतात.

पायरी 1: आधी घरातली माणसं बघा, मग मार्केटला जा

एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे काय त्रास, काय गोळ्या चालू ते लिहा. पाच मिनिटांचं काम आहे पण निम्मे निर्णय इथेच होतात.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया बंद करायची गरज नाही, फक्त सोयामुळे गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही म्हणून दोघांत अंतर हवं, साधारण 4 तास धरा. सकाळी उपाशीपोटी गोळी घेताय तर सोया दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात ठेवा, आणि एक दिवस भरपूर नि मग महिनाभर काहीच नाही असं करू नका, रोजचं प्रमाण सारखं असलं की डॉक्टरांनाही डोस बसवता येतो. घरात आयोडीनयुक्त मीठ आहे ना तेही बघा, कारण सोयाचा थायरॉइडवरचा परिणाम प्रामुख्याने आयोडीन कमी असलेल्या माणसात दिसतो.

युरिक ॲसिड वाढलेलं असेल, अंगठा सुजत असेल, तर तारली, मांदेली आणि सुकट यांच्यावर हात आखडता घ्या. सोयातही प्युरिन, म्हणजे ज्यापासून युरिक ॲसिड बनतं ते असतं, पण सोया खाणाऱ्यांत गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजणं, वाढल्याचं दिसलेलं नाही, त्यामुळे अशा माणसाला सोया चालतो. किडनीच्या पेशंटला डॉक्टरांनी प्रोटीन मोजून दिलेलं असेल तर या लेखावरून काहीही सुरू करू नका, आधी विचारा. ऑक्झलेटचे मुतखडे वारंवार होतात त्यांनीही सोया विचारूनच. आणि ज्याला कोळंबी-खेकड्याने एकदा जरी ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, त्याने "थोडंसं खाऊन बघू" हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही.

पायरी 2: मासा निवडताना आकार बघा

मर्क्युरीचं भय खरं आहे पण सगळ्या माशांना सारखं लागू नाही. जपानमधल्या मिनामाता शहरात कारखान्याचं पारा मिसळलेलं पाणी खाडीत गेलं, मासे खाणाऱ्या माणसांच्या मेंदूवर परिणाम झाला, 1956 मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला, तेव्हापासून जगाला हे कळलंय. मोठा मासा छोट्या माशांना खातो, त्यांच्यातला पारा याच्या अंगात साठतो, आणि तो जितकी वर्षं जगतो तितका साठा वाढतो. म्हणून मुशी म्हणजे शार्क, तलवार मासा, मोठा टूना, यांच्यात जास्त. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी, रोहू, कटला यांच्यात कमी. शिजवून किंवा लिंबू लावून पारा जात नाही, निवडतानाच टाळायचा असतो.

सुरमईबद्दल नेहमी विचारतात. अमेरिकेच्या सरकारी यादीत तिच्याच कुळातला किंग मॅकरेल हा गरोदर बायकांनी टाळायच्या माशांत आहे. आपली सुरमई अगदी तीच नाही, पण तीही मोठी होणारी शिकारी मासळी आहे, म्हणून गरोदरपणात आणि लहान मुलांना मोठ्या सुरमईची सवय लावू नका. बाकीच्यांनी कधीमधी खाल्ली तर बिघडत नाही.

आता फायद्याची बाजू. माशातले जे ओमेगा-3 हृदयाला आणि बाळाच्या मेंदूला हवे असतात, ते ईपीए आणि डीएचए, ते तेलकट माशात जास्त मिळतात, आणि आपल्याकडचा तेलकट मासा म्हणजे बांगडा आणि तारली. सगळ्यात स्वस्त मासे! पापलेट महाग म्हणून जास्त पौष्टिक असं काही नाही. रोहू-कटल्यात ओमेगा-3 कमी, पण प्रोटीन चांगलं, 100 ग्रॅम कच्च्या माशात 17-18 ग्रॅमच्या आसपास. बोंबील बहुतेक पाणीच, त्यामुळे ताटात भरपूर दिसला तरी प्रोटीन त्यामानाने कमी. शिवाय मासळीतून बी-12 मिळतं आणि तेलकट माशातून थोडं ड जीवनसत्त्वही, आणि या दोन्हीची कमतरता आपल्याकडच्या रिपोर्टांत सारखी दिसते.

2006 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता, त्यात आठवड्यातून एक-दोनदा मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण साधारण 36 टक्क्यांनी कमी दिसलं होतं आणि मर्क्युरीचा धोका धरूनही फायद्याचं पारडं जड निघालं होतं. मासे खाणारी माणसं बाकीही नीट वागत असतील, व्यायाम करत असतील, हे धरून थोडं सावध वाचायचं, पण 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून पाहिलं तेव्हाही दिशा तीच निघाली. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईसाठी अमेरिकेचा सल्ला आठवड्याला साधारण 225 ते 340 ग्रॅम, कमी पाऱ्याचा मासा. आपल्याकडे मात्र "उष्ण पडतं" म्हणून याच नऊ महिन्यांत घरातून मासा बंद होतो, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण डीएचएची गरज त्या बाळाला तेव्हाच सगळ्यात जास्त असते. मासा ताजा आणि पूर्ण शिजलेला हवा एवढी अट पाळा.

कॅप्सूलचं वेगळं आहे. 2018 मध्ये व्हायटल नावाची 25 हजारांहून जास्त लोकांची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात रोजच्या ओमेगा-3 कॅप्सूलने हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू हे सगळं मिळून लक्षणीय कमी झालं नाही. आणि जास्त डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात कॉडलिव्हर ऑइलही नको, त्यात अ जीवनसत्त्व खूप असतं.

पायरी 3: नाशिकमध्ये मासा विकत घेताना

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे कारण समुद्र आपल्यापासून लांब आहे. मुंबईची मासळी कसारा घाट चढून येते, रस्त्याने 165-170 किलोमीटर, त्याआधी बोटीवर किती दिवस होती ते वेगळंच. त्यामुळे दुकानात "आजची आहे" याचा अर्थ आज नाशिकला पोचली एवढाच धरायचा. बर्फात नीट आलेली असेल तर त्यात वाईट काही नाही, बर्फ मध्येच तुटला असेल तर मात्र आहे.

बांगडा, तारली, टूना हे मासे गरम राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून, तळून जात नाही, वासानेही दरवेळी कळत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंग खाजतं, मळमळतं, आणि माणूस म्हणतो मला मासे सोसत नाहीत. बऱ्याचदा दोष माशाचा नसतो, बर्फाचा असतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकला पारा 38-40 ला जातो, तेव्हा दुपारी 12 वाजता उघड्या पाटीवरचा बांगडा घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे. सकाळी लवकर जा. सोबत जाड पिशवी किंवा छोटा थर्माकोलचा डबा न्या, विक्रेत्याकडून वाटीभर बर्फ मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. सिडकोतून गंगापूर रोडला ट्रॅफिकमधून जाणार असाल तर मासा सगळ्यात शेवटी घ्या, भाजी आधी.

बघायचं काय? कल्ले उचलून बघा, लाल किंवा गडद गुलाबी हवेत, तपकिरी-राखाडी नकोत. डोळे फुगीर आणि पारदर्शक. बोटाने दाबलं की खड्डा भरून आला पाहिजे. वास समुद्राचा चालेल, नाकात झोंबणारा अमोनियाचा नको. तुकडी करून ठेवलेली मासळी नव्या माणसाने घेऊ नये, अख्खा मासा बघून समोर कापून घ्यावा. 2018 मध्ये केरळ आणि गोव्यात मासा टिकावा म्हणून त्याला फॉर्मेलिन हे विषारी रसायन लावल्याची प्रकरणं गाजली होती, त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने घरी तपासायच्या पट्ट्याही आणल्या. पट्टी नसेल तर अंग कडक पण डोळे बसलेले, मासळीचा वासच नाही, असा मासा सरळ सोडून द्या. रोज तिथेच विकणारा, ओळखीचा झालेला दादा किंवा मावशी हाच खरा आधार, "मावशी, आज काय घेऊ?" असं विचारा, पापलेट आहे का असं आधीच ठरवून जाऊ नका.

गोड्या पाण्याचा मासा आपल्याकडे धरणं आणि शेततळ्यांमुळे जवळून मिळतो, रोहू, कटला, मृगळ, चिलापी, कधी मरळ. जिवंत किंवा नुकताच मेलेला मिळाला तर नाशिकमध्ये ताजेपणाच्या बाबतीत हाच पुढे. फक्त कुठून आलाय ते विचारा. शहरातून पुढे गेलेल्या गोदावरीत सांडपाणी मिसळतं हे नाशिककराला वेगळं सांगायला नको, तिथे गळ टाकून धरलेला मासा मी खाणार नाही. थाई मांगूर पाळायला आणि विकायला देशात बंदी आहे, कुणी स्वस्तात देत असेल तरी नको.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळातली समुद्राची मासळी बरीचशी कोल्ड स्टोरेजची किंवा दुसऱ्या किनाऱ्याची असते, फ्रोझन म्हणून घेतली तर काही वाईट नाही, ताजी म्हणून जास्त पैसे देऊ नका.

सुकट, सुके बोंबील, जवळा यांच्यावर नाशिकच्या बाजरीच्या भाकरीचं प्रेम आहे आणि प्रोटीनही भरपूर आहे, पण खारवलेल्यात मीठ फार. बीपी असलेल्यांनी कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, दोन-तीनदा धुऊन घ्या आणि भाजीत वरून मीठ घालू नका. तरीही कधीतरीच.

पायरी 4: बनवताना फायदा घालवू नका

घरी आल्यावर लगेच धुऊन, हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये सगळ्यात थंड कप्प्यात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीजर. वितळवायचा तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर, ओट्यावर नाही.

कालवण हा सगळ्यात चांगला प्रकार. तेल आटोक्यात राहतं आणि माशातलं जे रश्श्यात उतरतं ते पोटात जातं. तव्यावर दोन चमचे तेलात भाजलेला चालतो. कढईत बुडवून तळलेला, तोही कालच्या तेलात, तर ज्या हृदयासाठी मासा सुरू केला त्याच्या फायद्याचं फारसं उरत नाही. शिजला की मांस अपारदर्शक होतं आणि काट्यापासून सहज सुटतं.

मासे आणि दूध एकत्र खाल्लं की अंगावर कोड उठतं हा समज अजून घट्ट आहे. कोड हा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने रंगपेशींवर हल्ला केल्याने होणारा आजार आहे, त्याचा जेवणातल्या या जोडीशी संबंध सापडलेला नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी वेगळं खावं, पण कोड असलेल्या माणसाला "तू काय खाल्लंस" म्हणून दोष देऊ नका, एवढी विनंती.

पायरी 5: सोया कुठल्या रूपात घ्यायचा

सोयाबीन आपल्याच जिल्ह्यात पिकतं, निफाड, येवला, सिन्नर, आणि लासलगावच्या बाजार समितीत त्याचे लिलाव होतात. तरी आपल्या ताटात ते तेल बनून येतं किंवा वडी बनून. तेल म्हणजे प्रोटीन नाही हे आधी लक्षात घ्या, सोयाबीन तेल खाऊन सोयाचे फायदे मिळतील असं नाही.

सोया वडी तेल काढल्यानंतरच्या पिठापासून बनते. कोरड्या 100 ग्रॅममध्ये साधारण 52 ग्रॅम प्रोटीन. पण 100 ग्रॅम कोरडी वडी कुणी खात नाही, भिजली की खूप फुगते. माणशी 25-30 ग्रॅम कोरडी म्हणजे छोटी वाटी घ्या, त्यात 13 ते 15 ग्रॅम प्रोटीन झालं. 60 किलोच्या माणसाला आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला 50 ग्रॅम लागतं, बाकीचं डाळ, दूध, अंडी, भाकरी यांतून येतं. वडी गरम मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवून, घट्ट पिळून, ते पाणी टाकून द्या, मग काळ्या मसाल्याचा रस्सा करा किंवा मिक्सरला फिरवून खिमा. उग्र वासाची तक्रार करणारी माणसं बऱ्याचदा न पिळलेली वडी खाल्लेली असतात.

अख्खं सोयाबीन कच्चं खाऊ नका, कच्चं दळूही नका. त्यात ट्रिप्सिन नावाच्या पाचकरसाला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने मोडतात. दळणात टाकायचं असेल तर आठ तास भिजवा, पाणी टाका, 20-30 मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा आणि मग 10 किलो गव्हाला 1 किलो या प्रमाणात गिरणीत द्या. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रोटीनचे घटक आहेत; गव्हात लायसिन कमी असतं, सोयात ते भरपूर, आणि सोयात जे मेथिओनिन कमी ते गहू देतो, म्हणजे पोळीच्या प्रोटीनचं प्रमाण थोडंसंच वाढलं तरी दर्जा चांगला सुधारतो. पीठ थोडं थोडं दळा, सोयात तेल असल्याने जुनं पीठ खवट होतं.

गावाकडून सोयाबीन आणत असाल तर एक धोका नीट समजून घ्या: पेरणीसाठी बीजप्रक्रिया केलेलं बियाणं खायचं नसतं. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेकदा लाल-गुलाबी रंग दिसतो, ते धुऊन खाण्याजोगं होत नाही. आणि काढणीच्या पावसात भिजून काळं, बुरशी आलेलं सोयाबीन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

टोफू पनीरसारखा वापरता येतो, नुसता सपक लागतो, आपल्या फोडणीत चांगला लागतो. सोया सॉस चव म्हणून ठीक, पण एका मोठ्या चमच्यात 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. सोया दूध मोठ्यांना चालतं, डब्यावर कॅल्शियम घातलंय का आणि साखर किती ते वाचून घ्या, मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी ते देऊ नका.

पायरी 6: सोयाबद्दलची भीती

सोयात आयसोफ्लेव्होन असतात, त्यांची रचना स्त्रीच्या इस्ट्रोजेन हार्मोनसारखी थोडी असते म्हणून हा सगळा गोंधळ. पण ते शरीरात इस्ट्रोजेनइतक्या जोराने काम करत नाहीत. पुरुषांवर झालेल्या अभ्यासांचे एकत्रित आढावे 2010 ला आणि पुन्हा 2021 ला झाले, सोयाने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी झालेलं आढळलं नाही. 2008 मध्ये अमेरिकेतल्या एका 60 वर्षांच्या गृहस्थांची छाती वाढल्याची नोंद आहे, ते रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होते, बंद केल्यावर बरे झाले. आठवड्यातून तीन-चार वेळा वडीचा रस्सा खाणाऱ्या जिममधल्या पोराने यावरून घाबरायचं कारण नाही.

ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांना तर सोया सरसकट बंद सांगितला जातो. शांघायमध्ये अशा 5 हजारांहून जास्त बायकांवर लक्ष ठेवलेला अभ्यास 2009 मध्ये आला, त्यात सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांत कॅन्सर परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही सोयाचे पदार्थ सुरक्षित मानते. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या ही मात्र वेगळी गोष्ट, त्या स्वतःहून घेऊ नका. उपचार चालू असतील तर आपल्या डॉक्टरांशी बोला.

दुसऱ्या टोकाचे दावेही तपासा. 1999 मध्ये अमेरिकेत पाकिटांवर "रोज 25 ग्रॅम सोया प्रोटीन, हृदयविकार कमी" लिहायला परवानगी मिळाली, 2017 मध्ये पुरावा तेवढा पक्का नाही म्हणून ती काढून घ्यायचा प्रस्ताव तिथल्याच अन्न-औषध खात्याने मांडला. वाईट कोलेस्टेरॉल 3-4 टक्क्यांनी उतरतं, एवढंच. खरा फायदा होतो तो सोया कशाच्या जागी आला त्यावरून, तेलकट मटणाच्या जागी वडी आली तर छान, वरणाच्या जागी आली तर फारसा फरक नाही.

पायरी 7: आठवडा कसा बसवायचा

मासे खाणाऱ्या घरात बुधवार, शुक्रवार, रविवार हे वार ठरलेलेच असतात. त्यातले दोन घ्या. एक दिवस बांगडा किंवा तारली, दुसऱ्या दिवशी रोहू, कोळंबी, जे ताजं मिळेल ते, माणशी 100 ग्रॅमच्या आसपास. सोमवार-गुरुवारपैकी एक-दोन दिवस सोया. चतुर्थी-एकादशी ज्याची त्याची.

श्रावणात बऱ्याच घरांत मासे बंद होतात, तेव्हा सोया वाढवा, सोबत जवसाची चटणी रोज चमचाभर. जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या जातीचं आहे, शरीरात त्यातलं थोडंसंच ईपीए-डीएचए बनतं, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. बी-12 सोयात नाही, जवसात नाही, म्हणून कायम शाकाहारी असाल तर दूध-दही नीट घ्या आणि वर्षातून एकदा तपासणी करून लागलं तर गोळी सुरू करा. सोयातलं लोह नीट शोषलं जावं म्हणून वर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा नको.

सुरुवातीला एका आठवड्यात एकच नवीन वस्तू, तीही थोडी. आज बांगडा, उद्या टोफू, परवा कोळंबी असं केलं आणि काही त्रास झाला तर कशाने ते कळणार नाही. पोटात गॅस धरला तर सोयाचं प्रमाण निम्मं करा, दोन आठवड्यांत बहुतेकांना सवय होते. पण खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. जाताना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि किती मिनिटांनी त्रास सुरू झाला हे लिहून न्या, आणि उरलेला तुकडा फेकू नका, डब्यात झाकून फ्रीजरला ठेवा, ॲलर्जी होती की मासा खराब होता हे ठरवायला त्याचा उपयोग होऊ शकतो.